लिहायला बसण्याआधी

हे सावकाश वाचा. एक परिच्छेद झाला की थांबा, नजर उचला, आणि वाचलेलं मनात बसेपर्यंत पुढे जाऊ नका. आत्ता लगेच काही लिहायचं नाही. लिहिणं रोजचं व्हावं, असं तुम्हाला फार दिवसांपासून वाटतंय. त्या वाटण्याजवळ थोडा वेळ बसायचं आहे, एवढंच.

लिहायची राहून गेलेली एखादी गोष्ट आठवा. ती कादंबरीच असायला हवी असं नाही. आजीचं माहेर असेल, वडिलांची गिरणीतली रात्रपाळी असेल, कॉलेजात तुटलेली एखादी मैत्री असेल. ती आठवल्यावर आधी काय दिसतं? दार, अंगण, कुणाचा तरी चढलेला आवाज? जे दिसेल ते बघत राहा. शब्द शोधू नका. गोष्ट तुमच्याकडे आहे, याची फक्त खात्री करून घ्या.

आता स्वतःला विचारा, ही गोष्ट कुणाला सांगायची आहे? ‘वाचकांना’ या उत्तरावर समाधान मानू नका. एक माणूस डोळ्यांसमोर आणा, नावागावासह. धाकटी बहीण, जुना मास्तर, परदेशी गेलेला मुलगा, कुणीही चालेल. चेहरा नीट दिसू द्या.

या प्रश्नापाशी मी मुद्दाम रेंगाळतो आहे. लिहिण्याची सवय लावायची म्हटली की आपण आधी आकडा ठरवतो. रोज इतके शब्द, रोज इतकी पानं. आकडा पुढे उपयोगी पडतो, हे खरं. पण सुरुवातीचे दिवस तो माणसाला धरून ठेवत नाही, कारण आकडा कुणाची वाट पाहत नसतो. वाट माणूस पाहतो.

साने गुरुजींचं उदाहरण घेऊ. १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग त्यांनी पाच दिवसांत लिहून काढला. होतकरू लेखकाला ही हकिकत भुरळ घालते. असं झपाटून लिहिता आलं पाहिजे, असं वाटतं, आणि ते झपाटणं येईपर्यंत वही मिटलेली राहते. म्हणून त्या पाच दिवसांच्या मागे जाऊन बघू या.

१९२४ मध्ये गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे आलं, आणि तिथल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक सुरू केलं. छापील नव्हे, हाताने लिहिलेलं. मासिक किंवा साप्ताहिक नव्हे, दैनिक. दिवसभर वर्ग, मुलांची दुखणीखुपणी, त्यांची भांडणं, आणि एवढं करून उद्याचा अंक लिहायचा. त्यात मानधन नव्हतं. त्या वसतिगृहाबाहेर नाव होण्याची शक्यताही नव्हती. वाचणारी मुलं मात्र त्यांच्याच देखरेखीखाली राहत होती, आणि उद्या ती अंक बघणार होती.

मग १९३२, धुळ्याचा तुरुंग. विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून ते सगळं लिहून घेणारे होते साने गुरुजी. आज आपण ‘गीता प्रवचने’ वाचतो ती त्या लिहून घेण्यामुळे. स्वतःचं नाव ज्यावर येणार नाही असं काम त्यांनी शेवटच्या रविवारपर्यंत नेलं. त्याच्या पुढच्या वर्षी नाशिकचे ते पाच दिवस आले.

इथे थोडा जास्त वेळ थांबा. दिवस संपलेला आहे, अंग थकलेलं आहे, आणि उद्याचा अंक कोरा आहे. त्या हाताची कल्पना करा. आज सुचतंय का, असा प्रश्न त्या हाताला परवडत नव्हता. मुलांना अप्रतिम काही नको होतं, उद्याचं हवं होतं. मला वाटतं, ‘श्यामची आई’ची भाषा इतकी सरळ आहे ती यामुळेच. समोर बसलेल्या मुलाला समजेल असं लिहायची त्या हाताला वर्षानुवर्षं सवय होती. पाच दिवसांत कागदावर उतरलं ते पाच दिवसांचं नव्हतं.

तुमचं ‘छात्रालय’ कुठलं, ते मनाशी ठरवा. मघाशी दिसलेला चेहरा पुन्हा बघा. रोजचं पान त्या माणसाला दाखवायलाच हवं असं नाही. त्याच्यासाठी लिहायचं, एवढं पुरे. आणि एक विनंती. सुरुवातीचं लिखाण व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. तिथल्या अंगठ्यांची सवय लिहिण्याच्या सवयीपेक्षा लवकर लागते.

आता दिवसाकडे वळा. काल सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंतचा वेळ मनात उलगडा. डबे, लोकल, ऑफिस, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्या माणसांची औषधं. कुठे वीस मिनिटं सापडतात का? सापडली तर रोज तीच धरा. नसतील सापडत, तर स्वतःला दोष देऊ नका. अमळनेर ज्या खानदेशात आहे, त्याच खानदेशात बहिणाबाई चौधरी राहत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात हात कामात असायचे, आणि कामाबरोबर ओव्या जुळत जायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी त्यातल्या काही टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. टिपली गेली नाहीत ती किती असतील, याचा विचार मनात येतो आणि हळहळ वाटते.

भाकरी थापताना, बसच्या रांगेत, कपडे वाळत घालताना एक वाक्य मनात घोळवता येतं. नुसतं घोळवा, त्याची लय जुळू द्या. पण मग ते टिपा, भाजीच्या यादीच्या मागे टिपलं तरी चालेल. तुम्हाला अक्षरओळख आहे, तेव्हा सोपानदेवांचं कामही तुम्हालाच करायचं आहे.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास समर्थांनी लेखनक्रियेला दिला आहे. त्यात प्रतिभेची चर्चा नाही. टाक, शाई, कागद, भोवतीची मोकळी सोडायची जागा, सरळ ओळी, यांची चर्चा आहे. ग्रंथाचं शेवटचं अक्षरही पहिल्यासारखंच दिसावं, असा त्यांचा आग्रह आहे. आपण आरंभशूर माणसं. पहिल्या पानावर रेखीव शीर्षक असतं आणि पंधराव्या पानावर अक्षर सांडलेलं असतं, तेही वहीत पंधरावं पान लिहिलं गेलंच तर. तुमच्या एखाद्या जुन्या वहीचं शेवटचं लिहिलेलं पान आठवा. तिथे काय झालं होतं? पाहुणे आले, परीक्षा आली, की एक दिवस चुकला आणि मन खट्टू झालं?

बहुतेक वेळा चुकलेला दिवसच आडवा येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयींचा अभ्यास केला. त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, लिहिण्याच्या नव्हत्या. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ सरासरी ६६ दिवस निघाला. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ वर गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडत नाही, असं त्यांना दिसलं. तेव्हा शेजारच्याला महिन्यात जमलं आणि मला नाही, हे मनातून काढून टाका. चुकला दिवस भरून काढायला दुप्पट लिहू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बसा.

एकच काम उरलं. आज रात्री जेवताना घरच्यांना सांगा, ‘उद्यापासून सहा ते सहा-वीस मला हाक मारू नका.’ वेळ तुमची तुम्ही ठरवा, पण सांगा. पहिले काही दिवस हाक येईल, तेव्हा न चिडता पुन्हा सांगा.