सातव्या फ्रेटवरचा मध्यम

ब्लूज गिटार शिकवणारा जवळजवळ प्रत्येक शिक्षक कधी ना कधी हा एक व्यायाम देतोच. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर बोट ठेवायचं, तार छेडायची आणि ती ढकलत पूर्ण एक स्वर वर न्यायची. लगेच दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवायचा. दोन्ही नाद तंतोतंत जुळले पाहिजेत. ‘ए’ला षड्ज मानलं तर ही मध्यमावरून पंचमावर जाणारी मींड झाली. पुण्यात कोथरूड, औंध किंवा कॅम्पातल्या क्लासला नव्याने जाणारी मुलं ती बहुधा बेसूरच घेतात. पंचम कधी खाली राहतो, कधी ओलांडला जातो, बोटांची टोकं हुळहुळतात. शिक्षक एवढंच म्हणतात, “परत.”

या ‘परत’ने माणसात नेमकं काय घडतं? बोटं तयार होतात हे उघड आहे. पण दुसऱ्याने रचलेली स्वरावली शेकडो वेळा गिरवून माणसाला स्वतःचं काही सापडतं का, की तो फक्त चांगला नकलाकार होतो? प्रश्न संगीताचा दिसतो, पण साधना आणि मुक्ती यांच्या नात्याविषयी भारतीय दर्शनांनी विचारलेला प्रश्नही हाच आहे.

ब्लूज आणि रॉकचा विद्यार्थी शिकतो ते मुख्यतः लिक. लिक म्हणजे दोन-चार सेकंदांची, कानाला ओळखीची स्वरावली. त्यातल्या बहुतेकींचा पाया पाच स्वरांचा असतो: षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. आपल्याकडे धानी रागाचे स्वर हेच. मात्र ब्लूज वाजवणारा गंधार किंचित चढवून कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी ठेवतो. ती जागा कागदावर दाखवता येत नाही, ऐकूनच घ्यावी लागते. म्हणून ब्लूज पिढ्यान्‌पिढ्या शिकला गेला तो आधी शेजारी बसून आणि पुढे ध्वनिमुद्रिका पुन्हापुन्हा लावून.

चक बेरी यांच्या १९५८ सालच्या ‘जॉनी बी. गुड’ची सुरुवात जगभरच्या गिटारवादकांना पाठ आहे. ती सुरावट जवळजवळ स्वरन्‌स्वर आली आहे लुई जॉर्डन यांच्या १९४६ सालच्या एका गाण्यातून. तिथे ती कार्ल होगन यांनी वाजवली होती. बेरी यांनी हे ऋण कधी लपवलं नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर ‘जॉनी बी. गुड’ आहे आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. एकाने दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेतून उचललं, दुसरीने अल्लादिया खाँसाहेबांसमोर वर्षानुवर्षं बसून घेतलं. मार्ग अगदी वेगळे, पण दोघांचंही मूळ भांडवल दुसऱ्याकडून आलेलं. तरीही बेरींची गिटार आणि केसरबाईंचा आवाज क्षणात ओळखू येतो.

ही ओळख कुठून येते, याचं सर्वांत लोकप्रिय उत्तर ब्लूजच्या इतिहासात एका दंतकथेने दिलं आहे. मिसिसिपीचा रॉबर्ट जॉन्सन आधी सुमार वाजवायचा. तो काही काळ दिसेनासा झाला आणि परतला तो थक्क करणारा वादक होऊन. तेव्हा लोक म्हणू लागले, याने मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला. हीच कथा त्याच्याआधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्या गायकाविषयीही सांगितली जात असे. प्रत्यक्षात रॉबर्ट जॉन्सन त्या काळात आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे शिकत होता. ते दोघे रात्री स्मशानात बसून वाजवत, कारण तिथे कोणाची झोपमोड होत नसे, अशी आठवण झिमरमन यांच्या कुटुंबीयांनी सांगितली आहे. पुढे १९३६ आणि १९३७ मध्ये जॉन्सनने २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ साली तो वारला.

लोकांना सैतान पटला, स्मशानातला रियाज पटला नाही. अभ्यास कोणाच्या डोळ्यांदेखत होत नाही, दिसतो तो त्याचा परिणाम. मग परिणामासाठी बाहेरचा दाता शोधला जातो, कधी सैतान, कधी दैवी देणगी. दोन्ही उत्तरं शिकणाऱ्याला सारखीच अपंग करतात.

उलट टोकाचं उत्तरही तितकंच अपुरं आहे: तास मोजा, मेट्रोनोम साठवरून एकशेवीसवर न्या, बाकी आपोआप होईल. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्याच पादात अभ्यासाचं लक्षण येतं. स्थिर राहण्यासाठी केलेला यत्न म्हणजे अभ्यास. तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केला की त्याची भूमी पक्की होते. इथे तासांइतकंच वजन आदराला आहे. आणि त्याआधीच्या सूत्रात अभ्यास एकटा येत नाही, वैराग्याबरोबर येतो. व्यासभाष्यात चित्ताला दोन दिशांनी वाहणारी नदी म्हटलं आहे: वैराग्य एक प्रवाह अडवतं, अभ्यास दुसरा मोकळा करतो. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. आधी सगळं कमवा आणि मग कधीतरी सोडा, असा क्रम तिथे नाही.

याचा प्रत्यक्ष दाखला पुण्यातच आहे. अठरा वर्षांचे बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली गुरूंच्या सांगण्यावरून पुण्यात योग शिकवायला आले आणि इथलेच झाले. १९७५ साली शिवाजीनगर भागात त्यांची संस्था उभी राहिली. २०१४ साली वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांचं नाव रोजच्या सरावाशी जोडलेलं राहिलं. १९५२ साली मुंबईत त्यांची व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन यांच्याशी भेट झाली. मेन्युइन लहानपणापासून जगप्रसिद्ध होते, सरावाची त्यांना कमतरता नव्हती. पण शरीर थकलेलं, ताठरलेलं होतं आणि झोप उडाली होती. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजवलं, तसे ते झोपी गेले. पुढे मेन्युइन यांनी त्यांना एक घड्याळ भेट दिलं आणि त्यावर आपले सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षक म्हणून त्यांचा उल्लेख कोरून घेतला. अय्यंगारांनी त्यांना व्हायोलिनचा एकही स्वर शिकवला नव्हता. त्यांनी शिकवलं ते सोडायला: खांद्यातला, मानेतला, श्वासातला अनावश्यक ताण.

सातव्या फ्रेटवरचा मध्यमही याच कारणाने बेसूर होतो. नवा विद्यार्थी गिटारची मान आवळून धरतो आणि एकट्या बोटाच्या जोरावर तार रेटतो. पट्टीचा वादक मागे आणखी दोन बोटांचा आधार देतो, मनगट फिरवतो आणि पकड सैल ठेवतो. मग तार कुठे जाते आहे ते कानाला ऐकू येऊ लागतं. आवळलेल्या हाताला स्वतःच्या जोरापलीकडे काही ऐकू येत नाही. वैराग्याची पहिली पायरी इतकी शारीरिक आहे.

दुसरी पायरी अवघड आहे: मेहनतीने मिळवलेली लिक हातातून सोडणं. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांना आपले नातलग बुक्का व्हाइट यांच्या स्लाइड गिटारचा नाद हवा होता, पण स्लाइड, म्हणजे तारेवर सरकवायची नळी, काही केल्या त्यांच्या हाती येईना. त्या नादाच्या शोधात त्यांनी डाव्या हाताचं बोट तारेवर थरथरवायला सुरुवात केली आणि तो कंप त्यांची जगभरची ओळख ठरला. अनुकरण त्यांनी मनापासून केलं. मात्र ते आपल्या हाताला बसत नाही हे कळल्यावर त्यांनी आग्रह सोडला, नाद सोडला नाही. त्यांचं ‘स्वतःचं’ या दोहोंच्या मधल्या फटीतून आलं.

बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं उदाहरण तर आणखी टोकाचं आहे. लहानपणी ते मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत. पुढे मुंबईत प्रोफेसर देवधरांकडे त्यांचं रीतसर शिक्षण झालं. मग क्षयाने गाठलं, देवासला मुक्काम हलला आणि काही वर्षं गाणं बंद राहिलं. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली. नंतर जे गाणं आलं, त्याला कोणाची नक्कल म्हणणं अशक्य होतं. आजारपणाचं उदात्तीकरण करण्याचं काही कारण नाही. पण सगळ्यांचं सगळं गळ्यात असलेल्या माणसाला ते बाजूला ठेवण्याचा काळ मिळाला, हे नोंदवायलाच हवं.

महाराष्ट्राच्या मनात अभ्यासाविषयी मोठी श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात अभ्यासाला अशक्य असं काही नाही, असा निर्वाळा आहे. तुकोबांनीही असाध्य गोष्टीच्या सिद्धीचं श्रेय अभ्यासालाच दिलं. ही श्रद्धा योग्यच आहे. मात्र गीतेचा तोच बारावा अध्याय अभ्यासाहून ज्ञान, ज्ञानाहून ध्यान आणि ध्यानाहून कर्मफलाचा त्याग वरचा मानतो. अभ्यासाची थोरवी आणि त्याची मर्यादा एकाच अध्यायात शेजारी-शेजारी आहेत. घराघरांत पहिली सांगितली जाते, दुसरी बहुधा राहून जाते.

पुण्यातली बरीच मुलं ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या श्रेणी-परीक्षांसाठी गिटार शिकतात. त्या परीक्षा वाईट नाहीत. ट्रिनिटीच्या रॉक अँड पॉप परीक्षेत आयत्या वेळच्या वादनाचा पर्यायही आहे. पण गुणपत्रिकेवर स्वराचा अचूकपणा आणि लय जितकी नेमकी मोजता येते, तितकं सोडून देणं मोजता येत नाही. ते शिकवण्याची जबाबदारी शिक्षकावर येते आणि ब्लूजच्या रचनेतच त्याची सोय आहे. बारा बारच्या, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांच्या, चक्रात दर चार बारची एक ओळ असते. गायक साधारण पहिले दोन बार गातो आणि पुढच्या दोन बारमध्ये गिटार उत्तर देते. शफल लयीत तर प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडतात आणि मधला भाग रिकामा सोडला जातो. तेव्हा पहिल्याच महिन्यात सांगता येईल: नवी लिक पाठ करा, मग तिच्यातले फक्त तीन स्वर ठेवा. दोन बार वाजवा, दोन बार हात तारेवर ठेवून गप्प बसा आणि त्या वेळात समोरचा काय गातो ते ऐका. हे वेगाच्या व्यायामानंतर उरलेल्या वेळेत उरकण्याचं काम नव्हे. मेट्रोनोमइतकाच वेळ आणि तितकाच आदर त्याला पहिल्या दिवसापासून मिळायला हवा.