शनिवारचा पेला

माझा धाकटा भाऊ पुण्याला एका कारखान्यात हिशेबनीस आहे. दर शनिवारी संध्याकाळी तो घरी कॉकटेल करतो. 'पितो' असे मी मुद्दाम म्हणत नाही. 'करतो' हेच क्रियापद त्याला मानवते. एका शनिवारी जुन्या वहिवाटीचे, पुढच्या शनिवारी नव्या कल्पनेचे असा त्याचा नेम आहे आणि पाहुणा असो वा नसो, पेला एकच. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातला मास्तर. मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो आणि सुपारीचेही व्यसन नाही. तेव्हा अशा नेमाला नाक मुरडण्याचा अधिकार मला आहेच, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती.

गेल्या दिवाळीत धनत्रयोदशी शनिवारी आली. आईने धन्वंतरीपुढे धने-गुळाचा नैवेद्य ठेवला, दिवा लावला आणि ती चुलीकडे वळली. आम्ही दोघे भाऊ माळवदावर गेलो. धाकटा म्हणाला, "आज राहू दे, दादा. सणाचा दिवस." पण कसे कोण जाणे, मीच हट्ट धरला. जे मी आयुष्यभर वाईट म्हणत आलो, ते मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

त्याने पेटी उघडली. आत बाटली, बर्फाचा डबा, झाकणाचे एक उभट भांडे आणि दोन्ही तोंडांनी मोजणारे एक चिमुकले माप. त्या मापाला 'जिगर' म्हणतात. आमच्या बाजूचे जुने लोक निजामाच्या शाळेत उर्दू शिकले. त्या भाषेत जिगर म्हणजे यकृत. आमचे वडील यकृतानेच गेले. धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्या मापाचे नाव ऐकल्यावर दोघेही क्षणभर गप्प बसलो.

मग त्याने साठ मिलिलिटर व्हिस्की मोजली, तीस लिंबाचा रस आणि वीस पाक. पाक साखरेचा असतो, याने सणाचा म्हणून गुळाचा केला होता. लिंबू आहे म्हणून भांडे हलवायचे. नुसती व्हिस्की, साखर आणि कडू अर्क असता तर चमच्याने ढवळायचे. बर्फ वितळून जे पाणी उतरते तेही या पेयाचे एक द्रव्यच, म्हणून भांडे किती वेळ हलवायचे यालाही हिशेब आहे. वरून कडू अर्काचे दोन थेंब. हा अर्क सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टराने १८२४ साली व्हेनेझुएलातल्या अंगोस्तुरा गावी पोटाचे औषध म्हणून काढला. कॉकटेल म्हणजे काय, हे १८०६ साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने छापले होते : कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. त्याच्याही आधी इंग्रज कंपनीची माणसे 'पंच' पीत : मद्य, साखर, लिंबू, पाणी, मसाला. तो शब्द आपल्या 'पाच'वरून गेला असे बहुतेक मानतात. "म्हणजे पंचामृताचा चुलतभाऊ," धाकटा म्हणाला. मला ते रुचले नाही. पण लग्नात म्हणतात त्या चौदा रत्नांच्या यादीत सुरा आणि धन्वंतरी शेजारी शेजारी बसतात, हे आठवून मी मुकाट राहिलो.

खिशात त्याचा परवानाही होता. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. व्हिस्की प्यायला वयाची पंचवीस वर्षे पुरी लागतात आणि परवाना लागतो, आणि तो परवाना 'आरोग्य राखण्यासाठी' असतो! सरकारलाही विनोदाचे अंग आहे म्हणायचे.

पेला हातात घेऊन धाकटा म्हणाला, "दादा, अण्णांनी कधी चव घेतली असेल का रे?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. अण्णा अडतीवर हमाल होते. दुकानाच्या फळीशी उभ्या उभ्या एका घोटात रिचवायचे, तोंड वाकडे करायचे, जिभेवर मिठाची चिमूट ठेवायचे आणि निघायचे. माप त्यांनाही होते. एकशेऐंशी मिलिलिटरची बाटली हे मापच की. पण पाठ दुखायची राहून झोप यावी, एवढ्यासाठी ते पीत. धाकटा एका पेल्याला पाऊण तास लावतो. मी त्याला म्हटले, "तुला फुरसत आहे बाबा. महिन्याच्या महिन्याला पगार येतो, रविवारी सुटी असते. संयमालासुद्धा बूड टेकायला जागा लागते." त्याने मान हलवली. "ते खरंय. पण सहा दिवस बाटल्या कपाटात असतात, दादा, आणि किल्ली माझ्याकडेच असते."

मला उत्तर देता आले नाही. माझे कपाट कायम रिकामे. मी पीत नाही याचे कारण भीती हे आहे. ही बापाची ओढ आपल्याही रक्तात असेल तर, ही भीती. भीतीने का होईना, माणूस वाचतो, आणि मला त्याची लाज नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची आहे. काही वर्षांपूर्वी भर वर्गात व्यसनावर बोलता बोलता मी एका मुलाच्या बापाचे उदाहरण दिले. नाव घेतले नाही, पण सगळ्या माना त्या मुलाकडे वळल्या. तो आठ दिवस शाळेत आला नाही. मी स्वतः तशाच बापाचा मुलगा. ती मान खाली कशी जाते ते मला ठाऊक होते, तरी मी बोलत गेलो. बोलण्याची एक धुंदी असते. तिथे माझ्या हाती कोणतेच माप नव्हते. धाकट्याला मी हे त्या रात्री पहिल्यांदा सांगितले.

इतक्यात जिन्यावर पावले वाजली. "काय खुळखुळ लावलीय रे वर?" म्हणत आई वर आली आणि बाटली पाहून थबकली.

आमच्या गावात देशीचे दुकान बंद करण्यासाठी बायांचे मतदान झाले होते. त्या चिठ्ठीवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आडवीला गावातल्या एकूण बाई-मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते लागतात. घरी बसलेल्या बाईचे मत उभ्या बाटलीलाच पडल्यासारखे. म्हणून आई सकाळपासून दारोदार हिंडून बायांना बाहेर काढत होती. दुकान बंद झाले. पुढे ते हमरस्त्यावर उघडले, हा भाग वेगळा.

आईने ते चिमुकले माप उचलून दिव्याच्या उजेडात फिरवून पाहिले.

"एवढंच?"

"एवढंच, आई."

"अन् मग?"

"मग बंद. पुढच्या शनिवारपर्यंत."

"लावून दाव बरं झाकण."

त्याने घट्ट झाकण लावले. आईने बाटली त्याच्या हातातून घेतली, पेटीत आडवी ठेवली, पेटी मिटली आणि "पानं वाढलीत" म्हणून ती खाली गेली. व्हिस्कीची बाटली उभी ठेवायची असते, नाहीतर बूच खराब होते, हे धाकट्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. पण रात्रभर त्याने ती तशीच राहू दिली होती.