वेदनाशामक अर्कांची प्राण्यांवरील चाचणी आणि अहिंसा

एखाद्या वनस्पतीचा अर्क वेदना शमवतो की नाही हे प्राण्यावर पाहायचे, तर त्या प्राण्याला आधी वेदना द्यावी लागते. निर्गुंडीचेच घ्या. तिच्या पाल्याचा शेक सांधेदुखीवर घरोघरी देतात. प्रयोगशाळेत त्याच पाल्याचा अर्क उंदराला पाजून त्याला सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या तापलेल्या पट्टीवर ठेवतात आणि तो पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजतात. भाजू नये म्हणून ठरावीक वेळेनंतर, बहुधा १५ सेकंदांनी, त्याला उचलून घेतात. दुसऱ्या पद्धतीत पोटात सौम्य ॲसेटिक आम्ल टोचतात आणि अंग किती वेळा पिळवटते ते मोजतात. तुलनेसाठी अर्क न दिलेला गट लागतोच. त्याच्या वाट्याला नुसती वेदना येते.

अशी वेदना देणे अहिंसेत कुठे बसते, या प्रश्नाला ओघनिर्युक्ती हा जैन साधूंच्या आचारावरचा ग्रंथ उपयोगी पडतो. साधू जपून, जमीन पाहत चालला आणि तरीही पायाखाली जीव मेला, तर त्याला सूक्ष्मही कर्मबंध लागत नाही, असे हा ग्रंथ सांगतो. उलट बेफिकिरीने चालणारा, एकही जीव मेला नाही तरी, हिंसकच ठरतो. म्हणजे हिंसा ठरते ती प्रमादावरून, बेफिकिरीवरून.

संशोधक जपून काम करतो, त्याचा हेतूही रुग्णाचे दुःख हलके करण्याचा असतो. तरी साधूला मिळालेली सूट त्याला मिळत नाही, कारण इथे पाय चुकून पडलेला नसतो. औषधाच्या विषारीपणाच्या चाचणीत प्राण्याला होणारा त्रास निदान नकोसा परिणाम म्हणता येतो. वेदनेच्या चाचणीत तो त्रास हेच साधन असते. गृहस्थाच्या हिंसेचे जैन आचारशास्त्र संकल्पी (ठरवून केलेली), आरंभी (घरकामातली), उद्योगी (धंद्यातली) आणि विरोधी (स्वसंरक्षणातली) असे चार प्रकार करते. घर चालवताना वा पोटापाण्याच्या धंद्यात होणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे त्यात मान्य आहे. ही चाचणी धंद्याच्या खाती घालण्याचा मोह होईल, पण ती संकल्पी हिंसेच्याच जवळ जाते. पाला खुडण्यातही हिंसा आहेच, पण जैन मोजणीत वनस्पती एकेंद्रिय, म्हणजे एकच इंद्रिय असलेली, आणि उंदीर पाच इंद्रियांचा, पंचेंद्रिय; म्हणून त्याची हिंसा अधिक जड.

‘उंदराला कुठे काय कळते’ ही पळवाटही बंद आहे. त्याची वेदना माणसाच्या वेदनेसारखी नसेल, तर त्या सेकंदांवरून माणसाच्या औषधाचा निष्कर्ष निघणार नाही. तशी असेल, तर तिची दखल घेणे भाग आहे.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांना मुभा दिली आणि अटीही घातल्या. शस्त्रक्रियेसारखे प्रयोग शक्यतो भूल देऊन करावेत, ही त्यातली मोठी अट. नेमकी तीच इथे लंगडी पडते, कारण भूल दिलेला उंदीर पंजा चाटत नाही. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये, असेही कायदा म्हणतो. कायद्याची पायरी आकाराची आहे. जैन मोजणीत उंदीर आणि घोडा दोघेही पंचेंद्रियच.

म्हणून सगळ्या चाचण्या एका मापाने मोजणे बरोबर नाही. कोणालाच ठाऊक नसलेले गुण प्रथमच तपासणाऱ्या, कमीत कमी प्राणी वापरणाऱ्या प्रयोगाच्या बाजूने बोलता येते. हिंसा तिथेही आहे, पण ती मान्य करून केलेली आहे. ज्या पाल्याचा गुण पूर्वीच तपासून छापला गेला आहे, त्यासाठी केवळ प्रबंध पुरा व्हावा म्हणून पुन्हा पट्टी तापवणे हा उघड प्रमाद आहे. असे प्रस्ताव संस्थांच्या प्राणी नीती समित्यांनी परत पाठवावेत.