टाकीचं झाकण

पेणजवळ हमरापूर-जोहे भागात घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. तिथल्या एका कारखानदाराकडे जुनी पेट्रोल जीप होती. पाऊस लागला की रंगवून झालेल्या मूर्ती पेंढ्यात बसवायच्या, वरून ताडपत्री ओढायची आणि रोह्याच्या दुकानदाराकडे पोचवायच्या, हे त्या जीपचं काम. पेण सोडलं की वडखळ, गडब, नागोठणं. तिथे महामार्ग सोडायचा, भिसे खिंड चढून उतरायची की कुंडलिकेकाठचं रोहा. सगळा रस्ता ४० किलोमीटरच्या आसपास. गाडी कारखानदाराचा भाचा चालवायचा. मुलगा अबोल. मामासमोर तर जास्तच.

त्या वर्षी गाडीला एक खोड लागली. पेणच्या बाजारात दिवसभर हिंडवा, काही नाही. रोह्याला निघाली की नागोठण्याच्या आगेमागे आचके द्यायची, पाय दाबला तरी उचलायची नाही, आणि बंद. सेल मारला तर इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. अर्धा-पाऊण तास रस्त्याकडेला गेला की एकदम सुरू. परतीच्या वाटेवर मात्र कधीच बंद पडली नाही. येताना गाडी रिकामी असते, म्हणजे जाताना ओझं सोसत नसणार, असं मामांनी ठरवून टाकलं.

पहिल्या मेस्त्रीने इग्निशन कॉइल बदलली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जुनी कॉइल तापली की करंट तुटतो, थंड झाली की पुन्हा येतो, आणि गाडी अगदी अशीच वागते. दुसऱ्याने पॉइंट आणि कन्डेन्सर नवे घातले. तिसऱ्याने पेट्रोल ओढणारा एसी पंप खोलून आतला पडदा बदलला. चौथा म्हणाला, उन्हाने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, पाइपाला ओलं फडकं गुंडाळा. भाच्याने तेही गुंडाळलं. चौघांनी सांगितलेली चारही कारणं गाड्यांमध्ये खरोखर असतात. पण चौघांनीही गाडी पाहिली ती गॅरेजच्या दारात, थंड झालेली, नीट चालणारी. दुखणं थांबल्यावर नाडी धरली तर हाताला काय लागणार? काढलेले जुने भाग एका गोणीत साठत गेले आणि खोड होती तिथेच राहिली.

एकदा दुसऱ्या गॅरेजात भाचा म्हणाला होता, "मामा, टाकीचं झाकण काढताना..."

"तू गाडी नीट चालव," मामा म्हणाले. "बघणारे बघतायत ना?"

मामा दुष्ट नव्हते. हंगाम तोंडावर होता, रोह्याचा दुकानदार रोज फोन करत होता, आणि कारखान्यात एक वेगळीच कटकट चालली होती. काही मूर्तींवरचा पांढऱ्या रंगाचा हात पोपडे धरून सुटत होता. मामांनी दोनदा रंग बदलून पाहिला. घाईत असलेल्या माणसाला हातातली वस्तू बदलणं सोपं वाटतं. थांबून ऐकणं अवघड जातं.

मग जुलै आला. एके सकाळी ११ मूर्ती घेऊन दोघं निघाले. पाऊस असा की पुढचा ट्रक दिसेना. भिसे खिंडीच्या चढावर जीपने आचके दिले आणि ती थांबली. ऊन नाही, बॉनेट भिजून गार, तरी खोड तीच. पाइपाचं ओलं फडकं आणि नवी कॉइल, दोन्ही त्या पावसात निकालात निघाली. मामांनी रोह्याच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने एक म्हातारा मेस्त्री स्कूटरवर पाठवला.

मेस्त्री आला, रेनकोट झटकला, आणि बॉनेटला त्याने हातच लावला नाही. कठड्याला टेकून विचारलं, "शेट, हे केव्हापासून?"

"पाडव्यापासून."

"पाडव्याला गाडीचं काय काम केलं?"

"काम काही नाही. पूजा करायची म्हणून रंग दिला. कारखान्यातलाच कॉम्प्रेसर आणि गन. गंज घासून सगळी गाडी मारून घेतली."

"रोह्याला निघताना टाकीत पेट्रोल किती असतं?"

"काठोकाठ. लांब जायचं तर फुल करूनच निघतो."

मेस्त्रीने मान हलवली आणि मामांना सोडून तो भाच्याकडे वळला. "चालवतोस तू ना? बंद पडल्यावर तू काय काय करतोस, एकामागून एक सांग. काही गाळू नकोस."

भाच्याने आधी मामांकडे पाहिलं. मामा काही बोलले नाहीत. मग तो म्हणाला, "सेल मारतो. नाही लागली की पेट्रोल बघायला झाकण काढून काठी घालतो. झाकण काढताना आवाज येतो, आत काहीतरी ओढल्यासारखा. त्यानंतर आठ-दहा सेल मारले की गाडी लागते. ज्या दिवशी झाकण काढलं नाही, त्या दिवशी अर्धा तास बसून राहावं लागलं."

"आज काढलंस?"

"नाही. पाऊस आहे, पाणी जाईल म्हणून."

"बरं केलंस. आता कोणी हात लावू नका."

आता त्याने बॉनेट उघडलं. मामांना ताडपत्रीचा कोपरा वर धरायला लावला. एका प्लगची वायर काढून तिला जुना प्लग जोडला, तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि भाच्याला सेल मारायला सांगितलं. निळी, कडक ठिणगी. म्हणजे करंट आहे. ठिणगीचं काम आटोपल्यावर वायर पुन्हा बसवली, कॉइलची मधली वायर काढून दूर ठेवली आणि मगच पेट्रोलला हात घातला. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडवून त्याचं टोक बाटलीत धरलं. पुन्हा सेल. बाटली कोरडी. टाकी जवळजवळ भरलेली, पंपातला पडदा नवा, आणि पेट्रोलचा थेंब नाही.

"आता झाकण काढ," तो म्हणाला.

भाच्याने टाकीवर छत्री धरली आणि झाकण फिरवलं. फुस्स. पावसाच्या आवाजातही तिघांना ऐकू आलं. पुन्हा सेल मारला तर बाटलीत पेट्रोलची धार.

मेस्त्रीने झाकण उलटं करून मामांच्या हातात दिलं. "गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना भोकं किती पाडता?"

"दोन. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारा जातो. एकच पाडलं तर थोडं तेल येऊन धार थांबते."

"टाकीचं तसंच. पंप पेट्रोल ओढतो, तेवढा वारा आत यायला हवा. तो यायचं भोक या झाकणात आहे. टाचणीच्या डोक्याएवढं. तुम्ही पाडव्याला ते रंगाने बुजवलंत. गाडी पेट्रोल ओढत जाते, आत वारा येत नाही, टाकी आवळत जाते, शेवटी पंपाचा जोर संपतो. उभी राहिली की कुठून तरी फटीतून हळूहळू वारा शिरतो, म्हणून अर्ध्या तासाने सुरू होते. टाकी भरलेली असली की आत वाऱ्याला जागाच कमी, म्हणून आवळतेही लवकर. येताना टाकी उतरलेली असते, तेव्हा ओढ जाणवत नाही. ओझ्याचा यात काही संबंध नाही."

मामांनी झाकण उजेडाकडे धरलं. लाल रंगाचा जाड थेंब भोकात बसून वाळला होता. रंग देताना त्यांनीच गन हातात धरली होती, कारण पाडव्याच्या गाडीवर दुसऱ्या कोणाचा हात फिरलेला त्यांना आवडला नसता. मेस्त्रीने बारीक तारेने तो थेंब उकरून काढला, झाकण तोंडाला लावून फुंकर घातली आणि परत बसवलं. वायर आणि पाइप जागेवर लावले. सात-आठ सेलांत गाडी लागली. त्याने येण्या-जाण्याचे आणि तासाभराच्या मजुरीचे पैसे घेतले. सुटा भाग एकही लागला नव्हता.

पहिल्या चौघांना मी फसवे म्हणणार नाही. त्यांना काम येत होतं. त्यांनी गाडी उघडली, पण गाडीसोबत रोज उन्हापावसात असणाऱ्या मुलाला काही विचारलं नाही. मामांनी तर तो सांगत असताना त्याला थांबवलं. ज्याचे हात रोज एखाद्या कामाला लागलेले असतात, त्या कामातलं दुखणं पहिल्यांदा त्यालाच कळतं. तो लहान असतो, हाताखालचा असतो, नीट शब्दांत सांगू शकत नाही, म्हणून त्याचं ऐकायचं राहून जातं. आणि ते राहून जातं तेवढी गोणी भरत जाते. ही गोष्ट सांगावीशी वाटली ती एवढ्यासाठीच.

त्या दिवशी ११ही मूर्ती कोरड्या पोचल्या. परत येताना मामा वडखळपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "तू त्या दिवशी झाकणाचं काहीतरी सांगत होतास."

"हो."

"मी ऐकलं नाही."

भाचा रस्त्याकडे बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "पुढचा खड्डा मोठा आहे, धरून बसा."

हमरापूरला पोचल्यावर मामा घरात न जाता थेट कारखान्यात शिरले. मूर्तींना पांढरा हात देणाऱ्या काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. वीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. मामांनी स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले.

"काकू, ते पोपडे केव्हापासून सुटतायत?"

काकूंनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. पदराला हात पुसले.

"पाऊस लागल्यापासून," त्या म्हणाल्या. "पण सगळ्या मूर्तींना नाही. त्या मागच्या भिंतीला लावून ठेवतो ना, तेवढ्यांनाच."