तीर्थाचा थेंब आणि गावाचे व्रत

तीर्थ घेताना आपण उजव्या हाताचा तळवा खोलगट करून त्याखाली डावा हात धरतो. एक थेंबही भूमीवर सांडू नये, अशी काळजी घेतो. आकाशातून येणारे जल स्वीकारतानाही आपली भावना अशीच असते काय, याचे चिंतन प्रत्येकाने करावे.

आज पाऊस दीर्घकाळ दडी मारतो आणि एखाद्या दिवशी अकस्मात कोसळतो. यास देवाचा कोप म्हणणे उचित नव्हे. कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्याने वातावरणात सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वी तापत आहे, ऋतुचक्र विस्कळीत होत आहे. हे मनुष्याचेच कर्मफळ होय. त्याचा भोग मात्र प्रथम कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्यास येतो. त्यास एकट्याने तोंड देता येत नाही. तेथे साधनाही सामुदायिक हवी.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर अनेक कुटुंबे पोटासाठी गाव सोडून गेली. १९८९-९० पासून श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांनी श्रमदान आरंभिले. डोंगरउतारावर समपातळी चर खोदले, बंधारे बांधले, वृक्ष लाविले. चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली. शेतीसाठी विंधन विहीर न घेण्याचा आणि ऊस, केळी यांसारखी पिके वर्ज्य करण्याचा नियम केला. प्रतिवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. प्रथम माणसे व गुरे यांचे पिण्याचे पाणी, त्यानंतर पिके. गेलेली कुटुंबे हळूहळू परतली.

यातील कठीण भाग श्रमदानाचा नव्हे, संयमाचा आहे. ज्याच्या गाठीस पैसा होता, त्यानेही खोल विंधन विहीर घेतली नाही. आपण एकट्याने उपवास मोडला, तर आपलेच पुण्य जाते. येथे एकाने व्रत मोडले, तर शेजाऱ्याची विहीर आटते. भूगर्भातील पाणी बांध ओळखत नाही.

एका गावाने पृथ्वीचा ताप शमणार नाही, हे खरे. तथापि त्या तापात गाव तगून राहते, हे या व्रताचे फळ होय.

दर्शन घेऊन आपण स्वगृही परताल, तेव्हा आपल्या ग्रामसभेत किंवा वसाहतीच्या बैठकीत तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पाऊस किती पडला? आपण किती अडविला? किती उपसला? उत्तरे सर्वांनी मिळून शोधावीत. देवापुढे जोडलेले हात गावाच्या कामी यावेत, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥