झाकते दिवे

जुनी वस्तू जपणे म्हणजे तिच्यातले नेमके काय जपणे, हा प्रश्न आपल्याकडे देवळांच्या आणि वाड्यांच्या बाबतीत वारंवार निघतो, आणि निघाला म्हणजे दोन तट पडून तो तसाच राहतो. एका पक्षास जुन्या दगडावर पडलेली टाकी खपत नाही. दुसऱ्यास गळके छप्पर खपत नाही. आज आम्ही तोच प्रश्न एका अगदी लहान, काही वाचकांस कदाचित थिल्लरही वाटेल अशा वस्तूच्या निमित्ताने घेणार आहो. ती वस्तू म्हणजे जुन्या वेगवान मोटारींचे झाकते दिवे. लहान उदाहरणाचा एक फायदा असतो. देवळाच्या वादात श्रद्धा, मालकी आणि गावकी यांची अशी गुंतागुंत झालेली असते की, मूळ मुद्दा हातीच लागत नाही. मोटारीच्या दिव्याभोवती तेवढी गर्दी नसते.

ज्यांनी अशी मोटार पाहिली नसेल त्यांच्याकरिता थोडे सांगितले पाहिजे. दिवसा या मोटारीच्या तोंडावर दिवा दिसतच नाही. सगळे अंग सफाईदार आणि सलग. रात्री कळ फिरवली की एक झाकण उचलले जाते आणि पापणी उघडावी तसा दिवा वर येतो. ही कल्पना लोकांपुढे ठळकपणे आणली ती अमेरिकेतील कॉर्ड 810 या मोटारीने, 1935 साली. गॉर्डन ब्यूरिग या आकृतिकाराने तिच्या पुढच्या मडगार्डांत दिवे दडविले. ते उघडण्यासाठी चालकापुढील फळीच्या दोन टोकांस दोन दांड्या होत्या व त्या हाताने फिरवाव्या लागत. शेजारी कोणी बसले असेल तर त्याच्याकडे अर्धा उजेड सोपवावा, नसेल तर आपणच वाकावे, असा तो प्रकार होता. पुढे 1962 साली विलायतेत लोटस एलान निघाली. तिचे दिवे यंत्राच्या शोषणशक्तीने, म्हणजे निर्वाताच्या बळावर, वर येत. 1968 च्या ओपेल जीटीत एक मजबूत दांडा ओढला की दोन्ही दिवे आडवे लोळून डोळे उघडीत. 1972 च्या फियाट एक्स 1/9 मध्ये हेच काम विजेच्या मोटरीकडे आले. फियाटचे नाव शिरूर तालुक्यातील वाचकांस परके नाही, कारण रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत त्या नावाचा कारखाना आहे. पण ही विशिष्ट मोटार तेथे कधी झाली नाही, हे सांगून ठेवलेले बरे. दिवा झाकण्याचे कारण निव्वळ नखरा नव्हते. अमेरिकेत दिव्यांचे आकार आणि जमिनीपासूनची उंची कायद्याने ठरलेली होती आणि आकृतिकारांस तर मोटारीचे नाक खाली हवे होते. तेव्हा पाहिजे त्या वेळी उंच होणारा दिवा ही त्या दोहोंतली तडजोड होती. पुढे नियम सैल झाले, हव्या त्या आकाराचे दिवे बनू लागले, पादचाऱ्याला धडक बसली तर काय होईल याचाही विचार सुरू झाला, आणि 2004 साली कॉर्व्हेट व लोटस एस्प्री यांच्याबरोबर ही जात संपली.

आता अशी एखादी जुनी एलान जपणाऱ्या गृहस्थापुढचा पेच पाहा. यंत्र चालू असताना त्याच्या हवा आत घेण्याच्या नळीत जे शोषण निर्माण होते ते तिच्या सांगाड्याच्या पुढील पोकळ आडव्या तुळईत साठविलेले असते आणि त्याच्या ओढीने दिवे वर राहतात. रचना मोठी चतुर आहे. सांगाड्याचीच टाकी केली, वेगळे वजन वाढविले नाही. पण रबरी नळ्या कालांतराने तडकतात, सांध्यांतून हवा शिरते, तुळईला आतून गंज चढतो. मग साठा ओसरू लागतो आणि दिवे पेंगुळल्यासारखे खाली बसतात, तेही रस्त्यावर, रात्री. या मोटारीचे जुने नग बिघडतात ते अंधाराच्या बाजूने बिघडतात, आणि आमच्या मते या सगळ्या विषयाची किल्ली येथेच आहे.

दौंडकरांस हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज पडू नये. दौंड–मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला, तेव्हापासून हे गाव जंक्शन आहे. आणि जुन्या हाताच्या सिग्नलाची बांधणी तेथील कित्येक रेल्वे कुटुंबांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट. त्या सिग्नलाचा हात आडवा असला म्हणजे थांबा. तार ओढून तो खाली उतरविला म्हणजे चला. तार तुटली तर? हाताच्या मागच्या अंगास असलेले वजन त्याला आपोआप आडवे करते. म्हणजे यंत्र मोडले तरी ते ‘थांबा’ असेच सांगत मोडते. रात्री सिग्नलाचा दिवाच विझलेला आढळला तर चालकाने त्याचा अर्थ धोका असाच घ्यावयाचा असतो. ज्याने ही बांधणी प्रथम केली त्याने लोखंडात एक नीतिविचार ओतला आहे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. आपण चुकणार, तार तुटणार, हे त्याने गृहीत धरले. आणि चूक झालीच तर ती कोणत्या बाजूला झुकावी, एवढेच त्याने ठरविले.

झाकत्या दिव्यांच्या बाबतीत हा विचार सुचावयास थोडा उशीर लागला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने मोटारींच्या सुरक्षिततेचे जे नियम घातले त्यांत एक खास या दिव्यांसाठीच होता: चालक-शक्ती तुटली तरी उघडलेला दिवा उघडाच राहिला पाहिजे, आणि मिटलेला दिवा हत्यारांवाचून उघडता आला पाहिजे. एलानच्या पुढच्या नगांत त्यामुळे व्यवस्था उलटी झाली. स्प्रिंग दिवा वर ढकलते आणि निर्वात त्याला खाली ओढून धरतो. हवा शिरली तर दिवा मिटत नाही, उघडतो. भाग जवळजवळ तेच, पण ओढ उलटी.

एवढे कळल्यावर आमच्या कल्पित गृहस्थापुढे तीन वाटा राहतात. नळ्या बदलून मूळ योजनाच ठेवावी. निर्वात ठेवून ओढ तेवढी उलटी करावी. किंवा निर्वाताला कायमची रजा देऊन विजेच्या मोटरी बसवाव्या, आणि बसवितोच आहो तर दिवेही नव्या तऱ्हेचे लावावे. बाहेरून पाहणारास तिन्हींत काही फरक दिसणार नाही. मग प्रश्न येतो तो असा की, न दिसणारा बदल हा बदल आहे काय?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न थीसियसच्या गलबताच्या नावाने शिकवितात. प्लुटार्कने सांगितले की, अथेन्सच्या लोकांनी ते गलबत जपताना कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, आणि तत्त्ववेत्त्यांना ते तेच की दुसरे यावर वादाचा विषय मिळाला. हॉब्जने 1655 साली त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचे दुसरे गलबत बांधले तर खरे कोणते? आपल्याकडील नागसेनाने मिलिंद राजास रथाचा दृष्टांत देऊन त्याहून पुढचे विचारले होते: चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, दांडी म्हणजे रथ काय? प्रत्येकास नाही असेच उत्तर येते, आणि तरीही राजा रथातूनच आलेला असतो. आम्हांस हे सर्व युक्तिवाद मनोरंजक वाटतात. परंतु आमच्या गृहस्थाचे काम त्यांनी फारसे भागत नाही. ‘तेच की दुसरे’ हे ठरले म्हणून ‘करावे की न करावे’ हे ठरत नाही.

रस्किनने मात्र दुसरा प्रश्न थेट विचारला. 1849 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वास्तुकलेचे सात दीप मांडताना (दिव्यांच्या लेखात त्याची आठवण व्हावी यात नवल नाही) त्याने जीर्णोद्धारास सरळ असत्य म्हटले. मेलेल्यास उठविता येत नाही, तसे गेलेल्या कारागिराचा हात परत आणता येत नाही. इमारत वेळच्या वेळी सांभाळावी, पण पुन्हा घडवू नये, असा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ. हे वाचताना मान डोलते. पण रांजणगावच्या महागणपतीच्या देवळात उभे राहिले की ती थबकते. तेथे थोरल्या माधवराव पेशव्यांनी मूर्तीसाठी तळघर बांधविले, पुढे सरदार किब्यांनी सभामंडप उभारला, असे सांगतात; मूळ मूर्ती तळघरात दडलेली असून पुजली जाते ती वेगळी, अशीही समजूत आहे. येणारा भाविक या समजुतीने विटत नाही. जे पुजावयाचे ते आहे, आणि जे झाकलेले आहे तेही आहे, एवढ्याने त्याचे समाधान होते. आपला जीर्णोद्धार हा शब्दच पाहा. जीर्णाचा उद्धार, त्याची नक्कल नव्हे. रस्किनला हा शब्द कोणी समजावून दिला असता तर त्याने तो मानला असता की नाही, सांगवत नाही.

तथापि देवळातील मूर्ती कोणाच्या अंगावर येत नाही. मोटार येते. या दोन उदाहरणांतला हा भेद आम्हांस निर्णायक वाटतो. वस्तू संग्रहालयात उभी असेल तर तिचा प्रामाणिकपणा हा ती आणि तिचा अभ्यासक यांच्यातला व्यवहार आहे. तेथे तडकलेली नळीही जशीच्या तशी ठेवावी, कारण ती कशी तडकली हेही शिकण्यासारखे आहे. पण तीच वस्तू रस्त्यावर आली की व्यवहारात तिसरा माणूस येतो, आणि त्याने या जुनेपणाच्या हौशीला संमती दिलेली नसते. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारा रस्ता घ्या. गळिताच्या हंगामात त्यावर उसाने खचाखच भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात. पुष्कळांच्या मागे दिवा नसतो, आणि गाडीवान बैलांच्या बाजूने पायी चालत असतो. त्याला दिसण्याचा एकच उपाय म्हणजे मागून येणाराचा दिवा. तो दिवा पेंगुळला तर एलानचा इतिहास शाबूत राहिला, हे उत्तर त्या गाडीवानाच्या घरी देता येणार नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आज दिवा, उद्या ब्रेक, परवा चाके, असे करता करता जुनी मोटार उरेलच कशी? आक्षेप रास्त आहे. पण रेघ मारता येते. जुनेपणामुळे गैरसोय मालकाची होत असेल तर ती त्याने सोसावी. उन्हाळ्यात तापणारे यंत्र, जड सुकाणू, पावसात गळणारे छत, हे सगळे त्याच्या हौशीचे मोल आहे. गैरसोय दुसऱ्याच्या जिवावर बेतत असेल तेवढीच काढावी. दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे: त्याने रात्री मोटार काढूच नये. आपल्या सरकारने 2021 साली पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील वाहनांकरिता जे नियम केले त्यांत नेहमीच्या वापरास मनाईच आहे; प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन अशा कारणांपुरतेच ते रस्त्यावर आणावयाचे. सांगाडा, अंगाचा साचा किंवा यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा, हीही अट आहे. दिव्याची ओढ त्यात येते असे आम्हांस वाटत नाही. जो गृहस्थ खरोखर दिवस मावळण्यापूर्वी घरी परततो त्याने आपला निर्वात सुखाने सांभाळावा. पण फेरी लांबते, टायर बसतो, आणि संध्याकाळ कोणाच्या सोयीने होत नाही.

म्हणून आमचा कौल मधल्या वाटेला आहे. ओढ उलटी करावी. बनविणारानेच पुढे जे सुधारले ते आपण केले तर त्याच्याशी बेइमानी होत नाही. उलट त्याच्या पहिल्या विचारापेक्षा दुसऱ्या विचाराशी आपण इमान राखतो. विजेच्या मोटरी अधिक चोख असतील. परंतु एक डोळा किंचित आधी आणि दुसरा आळसावून मागाहून उघडतो ती निर्वाताची लकब त्यांत राहत नाही, आणि ती लकब कोणाचे नुकसान करीत नाही. तारांचे मात्र काही अवश्य करावे. जुन्या मोटारीत दिव्याचा सगळा प्रवाह लांबच्या तारांतून आणि कळीतून फिरून येतो, वाटेत दाब पडतो, आणि दाब थोडा पडला तरी उजेड त्याहून कितीतरी अधिक पडतो. जवळून सरळ प्रवाह देणारा रिले बसविला तर जुना काचेचा दिवाच पुष्कळ उजळतो. एलईडीच्या पांढऱ्या झोताबद्दल आमचे मत चांगले नाही. ज्या परावर्तकासाठी तो घडविलेला नाही त्यात बसविला की उजेड रस्त्यावर न पडता समोरून येणाराच्या डोळ्यांत जातो. म्हणजे गाडीवानाला वाचवावयास निघालो आणि सायकलस्वाराला आंधळे केले.

राहिली ती सचोटीची गोष्ट. मोटार विकताना ‘सर्व मूळचे’ म्हणून विकली जाते आणि पडताळणारास बाहेरून काही दिसत नाही; झाकलेल्या बदलात हा मोह असतोच. तेव्हा काढलेल्या जुन्या स्प्रिंगा, नळ्या आणि झडपा फेकून देऊ नयेत. एका खोक्यात बांधून ठेवाव्या, वर काय काढले, कोणत्या साली आणि कशासाठी, याची चिठ्ठी असावी, आणि मोटारीच्या किल्ल्या ज्याच्या हाती जातील त्याच्याच हाती ते खोकेही जावे. हॉब्जचे दुसरे गलबत मग ज्याला बांधावयाचे असेल तो बांधील.