लग्नगाठ आणि तुळशीची माळ

मिरा-भाईंदरमध्ये एकादशीचे भजन आटोपते, टाळ पिशवीत जातात आणि मग मंडळी हळूच घरची गोष्ट काढतात. कुणाचा मुलगा पस्तिशीला आला तरी लग्नाचे नाव घेत नाही. कुणाच्या मुलीने परभाषेतला जोडीदार पसंत केला आहे. कुणाची लेक वर्षभरातच माहेरी परतली आहे. शेवटी प्रश्न एकच येतो, ‘लग्नसंस्था बुडाली का हो?’

उत्तर देण्यापूर्वी आपल्याच मजल्यावरची दारे पाहा. एका दारामागे मराठी कुटुंब. त्यांच्यात मामाच्या मुलीशी लग्न रीतीचेच. समोर उत्तर प्रदेशातले हिंदू कुटुंब. त्यांच्या लेखी मामाची मुलगी म्हणजे बहीण, तिच्याशी लग्नाची कल्पनाही पाप. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी प्रांतोप्रांतीच्या या चालीरीती १९५३ च्या आपल्या ग्रंथात मांडल्या. याच इरावतीबाईंनी वारीत चालून ‘वाटचाल’ हा लेखही लिहिला. तेव्हा ज्या रीतीला आपण सनातन म्हणतो, ती समोरच्या दारात वेगळी असते.

गावात लग्नगाठ धरायला पुष्कळ हात होते. भावकी होती, सामाईक शेत होते, लोकलाज होती. शिवाय बाईच्या हाती स्वतःचा पैसा नव्हता. इथे दोघेही सकाळची लोकल पकडतात आणि शेजारच्याला आपले आडनावही ठाऊक नसते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची वाट दिली, १९७६ मध्ये परस्पर संमतीचीही दिली. एकेक हात सुटत गेला.

त्याचे दुःख करावे का? आपल्या संतांच्या घरात डोकावून पाहा. विठ्ठलपंत गुरूंच्या आज्ञेने संन्यास सोडून पुन्हा संसारात आले, तर आळंदीच्या धर्ममार्तंडांनी त्या घराला वाळीत टाकले. देहान्त प्रायश्चित्त घेऊनही मुलांची मुंज होऊ दिली नाही, असे परंपरा सांगते. संत बहिणाबाईंचे लग्न अगदी बालवयात तीस वर्षांच्या बिजवराशी झाले. पतीच्या मारझोडीबद्दल त्यांनी आत्मचरित्रपर अभंगांत स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या काळी गाठ घट्ट होती खरी. पण कुणाकुणाच्या गळ्याला ती काचत होती.

मात्र गाठ सैल झाली म्हणजे सुख आले, असेही नाही. अँथनी गिडन्स या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये नव्या नात्याचे लक्षण सांगितले, ते असे : दोघांना त्यातून समाधान मिळते तोवरच ते टिकते. मग नोकरी गेली, अंथरूण धरले, मूल आजारी पडले, तर त्या दिवशी समाधान कुठून आणायचे?

इथे आपली माळ आठवते. ती कुणी बळजबरीने गळ्यात घालत नाही. पण एकदा घातली की वारी चुकवायची नाही. पाऊस असो, पाय सुजोत. मन लागेल त्या वर्षीच जाईन, असे वारकरी म्हणत नाही. आजच्या मुलांचे लग्न असेच असावे : आपखुशीने घेतलेले आणि घेतल्यावर पाळलेले. मात्र हा नेम दोघांचा आहे. एकाने मारावे आणि दुसऱ्याने सोसावे, याला नेम म्हणत नाहीत.

आणि आपण वडीलधाऱ्यांनी काय करायचे? दिंडीत कुणी थकला तर आपण त्याची पिशवी घेतो, पाय चेपून देतो. ‘लोक काय म्हणतील’ असे विचारत नाही. भांडलेल्या जोडप्यापाशी तसेच बसावे, दोघांचेही ऐकावे. जमत असेल तर त्यांना पुन्हा वाटेला लावावे.

पण एखाद्या रात्री लेकीचा फोन येईल, ‘बाबा, मी घरी येऊ का?’ त्या वेळी आळंदीने एका घराला दारे बंद केली होती, हे विसरू नका. आधी ‘ये’ म्हणा. बाकीचे सकाळी बोलता येईल.

रामकृष्णहरी.